प्रभुभोजनाचे पानगे

आमच्या घरात प्रार्थनेसाठी वेगळी वेळ राखून ठेवलेली नव्हती. ती कामांत वाटून दिलेली होती. चूल पेटवताना माय घरातल्या माणसांची नावे घेई, अंगण झाडताना शेजाऱ्यांची, आणि पीठ मळताना, ज्यांच्याशी तिचे त्या वेळी बरे नसेल त्यांची. पीठ मळायला जोर लागतो, म्हणून ती नावे तिथे ठेवली आहेत, असे ती सांगे. यात थट्टा किती आणि खरे किती, हे मला आजही ठरवता आलेले नाही. पहाटे मला जाग येई ती तिच्या पुटपुटण्याने. शब्द ऐकू येत नसत. पण परातीवर मुठी आपटण्याचा आवाज वाढला, की आज कोणाचे तरी नाव जड जात आहे, हे अंथरुणातच कळे. बहुधा ते बाबांचे असे.

आम्ही सिंदीला, रेल्वेफाटकाच्या अलीकडे राहत होतो. ख्रिस्ती घरे थोडी. सगळी कौलारू, एकाच विहिरीची. कापसाच्या दिवसांत जिनाचा, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याचा, भोंगा वाजला की गाव उठे, आणि मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळण्याचा आवाज थांबला की गाव झोपे. हवेत कापसाची तुसे तरंगत असत. ती दुधावर बसत, वरणावर बसत, बाबांच्या भुवयांवर बसत. बाबा जिनात काट्यावर होते. गाड्यांतला कापूस तोलून घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. काट्याला हात न लावणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांना मान्य होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीचेही ते वडील पंच होते, आणि मंडळीत सगळे त्यांना दाजी म्हणत. घरात ते कमी बोलत. मी त्यांच्यावर गेलो आहे, असे सगळे म्हणतात; मी त्याला कधी हरकत घेतलेली नाही.

मायचा खरा कारभार बुधवारच्या दुपारी चाले. आमच्या ओसरीवर मंडळीतल्या बाया जमत. नियम एकच: रिकाम्या हाताने यायचे नाही. कोणी तुरीच्या शेंगा सोलायला आणी, कोणी निवडायला जवस, कोणी गोधडी. ती गोधडी वर्षानुवर्षे तीच असावी असा मला संशय होता. हात चालू झाले की माय प्रत्येकीला एकच प्रश्न विचारी: या हप्त्यात प्रभू कुठे आठवला? उत्तरात देवळाचे, म्हणजे आमच्या चर्चचे, नाव घेतलेले तिला चालत नसे. चूल, विहीर, गोठा, बाजार, यांपैकीच काही सांगावे लागे. उत्तर आले की त्याच जागेवर ती लहानशी प्रार्थना करी, आणि शेंगा सोलणे थांबत नसे. पाळकसाहेबांची प्रवचने मी पुष्कळ ऐकली. त्यांतले आज काही आठवत नाही. ओसरीवरची उत्तरे आठवतात.

सखूआजी नावाची एक दात पडलेली विधवा होती. देऊळ झाडण्याचे काम तिच्याकडे होते, आणि जिभेला धार होती.

“मले म्हशीपाशी आठवला,” ती एकदा म्हणाली. “शेपटी मारली तिनं तोंडावर. अशी शिवी आल्ती जिभेवर, का इचारू नोको. पन प्रभू आठवला अन् गिळली.”

“मंग पोट दुखलं असन आजी तुमचं,” कोणीतरी म्हणाले.

“दुखलं नं वो! म्हून दुसऱ्या दिवशी देल्ली म्हशीले.”

माय हसली, आणि म्हशीसाठीही प्रार्थना केली. मी आत खोलीत मॅट्रिकच्या अभ्यासाला बसलेलो असे. भूमिती त्या ओसरीच्या पलीकडे कधी गेली नाही.

याच बैठकीत चंद्रा येई. तिचा नवरा मनोहर रेल्वेच्या गँगमध्ये होता आणि बहुतेक दिवस लायनीवर असे. पदरी एकच मुलगा, जॉन. त्याला सगळे जानू म्हणत. आदल्या वर्षी जानूला देवी आल्या. नवरा घरी नाही, पोर तापाने फणफणलेले, डोळे मिटलेले. शेजारच्या गोदाकाकू भल्या बाई होत्या. ज्या दिवसांत आमच्यापैकी बरेच जण त्या दाराकडे फिरकले नाहीत, त्या दिवसांत त्या चंद्राजवळ बसून होत्या. त्यांच्या धर्माप्रमाणे जे करायला हवे ते त्यांनी केले: चंद्राला मातेच्या देवळात नेले, पाणी टाकायला लावले आणि तिथला दोरा आणून जानूच्या दंडाला बांधला. मुलगा वाचला. चेहऱ्यावर वण राहिले, डोळे शाबूत राहिले.

पंचांनी चंद्राला बोलावले. बैठक आमच्याच घरी झाली, म्हणून मला ती आठवते. बाबांनी तिला सांगितले, की मंडळीसमोर उभे राहून चूक कबूल करावी आणि दोरा तोडावा. म्हणजे विषय संपेल. आवाज चढलेला नव्हता. ते काट्यावर बोलत तसेच बोलत होते. चंद्रा भिंतीशी उभी होती, पदराचे टोक मुठीत धरून.

“दोरा मी नाई तोडत, दाजी,” ती म्हणाली. “अजून खपल्या पडून राह्यल्या त्याच्या. चूक झाली असन त प्रभू मले इचारन. मी पानी टाकलं, तवा मातेचंही नाव घेतलं अन् प्रभूचंही घेतलं. कोनं आयकलं मले ठाऊक नाई. लबाड कायले बोलू?”

पंचांनी तिला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवले. निर्णय नियमाला धरून होता. माझेही मत तेव्हा तेच होते. माय आत भाकरी थापत होती. त्या संध्याकाळच्या भाकरी फार पातळ झाल्या होत्या.

मेजापासून दूर राहणे म्हणजे काय, ते आजच्या वाचकाला सांगायला हवे. पाळकसाहेब वर्ध्याहून पॅसेंजरने काही महिन्यांतून एकदा येत, आणि तेव्हाच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून सर्वांनी वाटून खाणे, होई. प्रवचन संपले, की वडील पंच उठून दाराशी जाई. मुले आणि ज्यांना भोजनाला बसायचे नाही असे लोक बाहेर पडत. पंच दार लावून घेई, आणि मग मेजावरचे पांढरे कापड उचलले जाई. दार धरण्याचे काम बाबांचे होते. चंद्रा सर्वांत मागे बसे आणि मुलांच्या पाठोपाठ बाहेर जाई. निंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. तिच्याखाली ती मुलांना घेऊन बसे. आत गाणे चालू झाले की तिचा आवाज बाहेरून येई. मी पेटी वाजवीत असे, म्हणून मला तो नीट ऐकू येई. तो सुरात होता, हे नोंदवणे भाग आहे.

असे वर्षभर चालले. बुधवारी मात्र तिची जागा मायच्या शेजारी असे. माय तिला दोऱ्याविषयी काही विचारीत नसे, उपदेश करीत नसे. जानू तिथेच खेळे, दोरा दंडावर मळत राही. एकदा सखूआजीने बोट दाखवून काही म्हणायला तोंड उघडले, तर माय म्हणाली, “आजी, शेंगा.” आजी शेंगा सोलू लागली.

नाताळ झाला. त्यानंतरच्या बुधवारी मायने नेहमीचा प्रश्न विचारला. चंद्राची पाळी आली तेव्हा तिने जवसाचे सूप खाली ठेवले.

“काकू, मी आता रविवारी येत जानार नाई.”

“काऊन?”

“पोट्टं मोठं होऊन राह्यलं. परवा इचारे, माय, तू पोट्ट्याईसंगं बाहीर काऊन येतं? मोठ्या बाया त आतच बसतात. मी काय सांगू त्याले? तुह्या जिवापाई येतो म्हनू? उद्या तो म्हनन, मंग मी कायले वाचलो.”

शेंगा फुटण्याचा आवाज थांबला; ते मी त्या ओसरीवर पहिल्यांदाच ऐकले. माय बराच वेळ सुपातले जवस बोटांनी पसरत राहिली. मग म्हणाली, “येत्या रविवारी पाळक येऊन राह्यले. पानग्याची पाळी माही हाय. शनिवारी दुपारी येजो. तू करजो.”

चंद्राने तिच्याकडे पाहिले. “म्या? ज्याले मी हात लावू शकत नाई ते?”

“खायाले मनाई हाय तुले. कराले कोनी मनाई केली?”

पानग्यांची गोष्ट अशी. सिंदीला तेव्हा पावभट्टी नव्हती. भोजनासाठी शहरातून पाव मागवला तर तो वाळून येई. मागे कधी एका पाळकांनी परवानगी दिली, आणि तेव्हापासून आमच्या देवळात मेजावर पानगे असत. गव्हाचे पीठ घट्ट मळायचे, जाड थापायचे, वरखाली पळसाची पाने लावायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे. पान करपून गळून पडते, पण त्याच्या शिरा पानग्यावर उमटून राहतात. बाया पाळीपाळीने ते करीत, आणि पंचांनी या पाळीत कधी लक्ष घातले नव्हते. एक रीत होती: पहिला पानगा देवळात जात नसे. आत शिजला की नाही हे पाहण्यासाठी तो घरीच मोडायचा, आणि ज्याच्या घरी पाळी त्या घराने खायचा. त्याला घरचा पानगा म्हणत. आता आमच्या शहरात पातळ पांढऱ्या चकत्या पाकिटातून येतात. त्या तोंडात ठेवल्या की विरतात. चावावे असे त्यांत काही नसते.

शनिवारी दुपारी आमच्या अंगणात गोवऱ्यांचा धूर होता. चंद्रा परातीशी बसली होती, सखूआजी पाने पुसत होती, माय निखारे सारखे करीत होती. चंद्रा पीठ मळताना पुटपुटत होती. कोणाची नावे घेत होती ते ठाऊक नाही. पण जोर लागत होता. जिनात काही बिघाड झाला आणि बाबा त्या दिवशी लवकर घरी आले. ते दाराशी थांबले. भुवयांवर तुसे तशीच होती.

“हे कोन करून राह्यलं?” त्यांनी विचारले.

“दिसते नं,” माय म्हणाली.

“पाळी तुही व्हती.”

“माहीच हाय. म्या तिले देल्ली.”

“पंचाईले इचारलं?”

“पीठ मळाले पंचाईले कधी इचारत व्हतो आमी?”

“इचारू काऊन नाई,” सखूआजी मान वर न करता म्हणाली. “या दाजी, हात धुवा अन् बसा. पाय पन धुवा, तुमचा नेम लय कडक हाय.”

चंद्राचे हात पिठात थांबले. ती उठू लागली. माय तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बस. पीठ सुकते.” मग बाबांकडे वळली. आवाज नेहमीचाच होता. “म्या चोरून नाई केलं. भर दुपारी, अंगनात करून राह्यलो आमी. तुमाले वाटते हे मेजावर ठेवू नये, त तसं सांगा पाळकसायबाले. मी दुसरे करीन. माह्या हातानं. पन मंग तुमी मले सांगजा, का हिच्या हातात काय हाय जे माह्या हातात नाई.”

बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली. मायने कधी त्यांच्या मागे त्यांचा नियम मोडला नाही. जे केले ते त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि नियम पुन्हा वाचायला लावून. मी पुढे नोकरीत अनेक अधिकारी पाहिले. हे बळ थोड्यांपाशी होते.

पहिला पानगा निघाला. मायने करपलेले पान सोलून काढले, पानगा थाळीत ठेवला आणि थाळी बाबांपुढे धरली. “घरचा हाय. मोडून पाहा, शिजला का.”

जानू निखाऱ्याजवळ काडी घेऊन बसला होता, तो थांबला. बाबा थाळीकडे पाहत उभे राहिले. पानग्यावर शिरा स्पष्ट उमटल्या होत्या. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी मोडला. आतून वाफ आली. एक तुकडा तोंडात घातला आणि उभ्या उभ्या चावू लागले. पानगा चावायला वेळ लागतो.

“मीठ बरोबर हाय का?” मायने विचारले.

बाबा उरलेला तुकडा घेऊन आत गेले. चंद्रा पुढचा उंडा थापू लागली. संध्याकाळी अंबाडीची भाजी होती, भाकर होती. बाबा पाळकसाहेबांना काय सांगणार, हे मायने विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.

रविवारी थंडी होती. देवळाच्या खिडक्यांना फळ्या लावलेल्या होत्या, तरी वारा आत येत होता. पाळकसाहेब सकाळच्या गाडीने आले. बाबा त्यांना स्टेशनवर घ्यायला गेले होते. परतताना दोघांच्या चेहऱ्यांवरून काही ओळखता येईना. मेजावर पांढऱ्या कापडाखाली पानगे होते. बाया डावीकडे सतरंजीवर बसल्या. माय पहिल्या ओळीत, मान खाली. चंद्रा मागे, दारापाशी, जानू तिच्या खांद्यावर झोपलेला. त्याचा एक हात पाठीवरून खाली लोंबत होता आणि सदऱ्याची बाही वर गेली होती. दोरा दिसत होता. झिजून सुतासारखा झाला होता.

प्रवचन संपले. पाळकसाहेबांनी पंचांकडे पाहिले. बाबा उठले आणि दोन्ही बाजूंच्या मधून दाराकडे चालत गेले. त्यांच्या वहाणा दाराशी काढलेल्या असल्याने पावले वाजत नव्हती. मुले उठली. नेहमीप्रमाणे ढकलाढकल करीत ती बाहेर पडली. बाबांनी एकाला कानाला धरून रांगेत लावले. मुले संपली तशी चंद्रा उठू लागली. पोर जड झाले होते. ते सांभाळून, एक गुडघा टेकून, हळूहळू. ती पुरती उभी राहते तोच बाबांनी दार लावले.

ते आधी लावले गेले, ती आत असताना. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरे पंच मागे वळले. चंद्रा बंद दारासमोर उभी होती आणि बाबा दाराला पाठ लावून. तिला वाटले असावे, की त्यांच्या लक्षात आले नाही. ती अगदी हळू म्हणाली, “दाजी, मी राह्यली.”

बाबांनी तिच्याकडे पाहिले नाही. जानूची बाही खाली ओढून त्यांनी त्याचा दंड झाकला.

“बस,” ते म्हणाले. “पोराले हवा लागन.”

पाळकसाहेबांनी क्षणभर वाट पाहिली. बाबा दारापासून हलले नाहीत. मग पाळकसाहेबांनी कापड उचलले. मी पेटीवर सूर धरला. चंद्राचा आवाज या वेळी खोलीच्या आतून आला, थोडा उशिरा, आणि पहिली ओळ त्याला धड जमली नाही. थाळी फिरवणे पंचांचे काम होते. बाबांनी बायांच्या बाजूला थाळी नेली, ओळीने, कोणाशी न थांबता, आणि शेवटी मागे. चंद्राने तुकडा उचलला. त्यावर शिरा होत्या. आपण थापलेले तिला ओळखू आले असेल. मायने मान वर केली नाही. तिचे हात मांडीवर एकमेकांत होते आणि बोटे हलत होती, पिठात हलतात तशी.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाबांना निंबाखाली बाजूला घेतले. मी पेटी उचलून जात होतो, म्हणून ऐकले. चंद्राने काही कबूल केले काय, असे त्यांनी विचारले. बाबा म्हणाले, “नाई. तिनं तेव्हाच खरं सांगतलं व्हतं.” एवढेच. दोऱ्याचा विषय मंडळीत पुन्हा निघाला नाही. तो पुढे कधीतरी आपोआप तुटून पडला. कोणत्या दिवशी, ते चंद्रालाही सांगता आले नाही. तिने पुढे अनेक वर्षे त्या ओसरीवरची बैठक चालवली. माय गेल्यावर तो प्रश्न तीच विचारीत असे, आणि देवळाचे नाव घेतलेले तिलाही चालत नसे.

मायविषयी मी आजवर काही लिहिले नव्हते. भावना मांडण्याचा मला सराव नाही, आणि तिलाही तो आवडला नसता. एवढे मात्र लिहितो, की श्रद्धा म्हणजे काय हे मला कोणी विचारले, तर मला ग्रंथ आठवत नाहीत, परात आठवते.

त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो. तुरीचे वरण, भाकर, जवसाची चटणी. मायने वाढले आणि ती चुलीपाशी बसली. बाहेर मालगाडीचे डबे आदळत होते. बाबांचे अर्धे जेवण झाले. मग ताटातून वर न पाहता, जणू प्रश्न आत्ताच विचारला गेला होता, असे ते म्हणाले, “मीठ बरोबर व्हतं.”

माय म्हणाली, “व्हय,” आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.